परशुराम घाटासाठी कॅमेरे मागायचे की आणखी काही?

लोटे_क्रेनवाला

नमस्कार मंडळी. चिपळूणच्या अलीकडे, परशुराम घाटाजवळच्या लोट्यात मुंबई-गोवा हायवेला लागून माझं गॅरेज आहे, दोन क्रेन आहेत. टोचन, ब्रेकडाऊन, कलंडलेली गाडी उभी करणं हा धंदा. वडिलांनी सुरू केला तेव्हा हा दुपदरी एनएच 17 होता, आता चौपदरी 66.

रस्त्याच्या प्रश्नावर आमच्याकडे बैठक व्हायची आहे, निवेदन द्यायचंय. बहुतेकांचं म्हणणं एकच, "मुंबई-पुणे एक्सप्रेसवेसारखे कॅमेरे लावा, खिशाला चाट बसली की सुधारतील." मला ते पटत नाही. पूर्वी ट्रक बंद पडला की क्लीनर मागे झाडाची फांदी टाकायचा, चार दगड मांडायचा. मागचा चाळीसने येत असायचा, थांबायचा. आता तोच ट्रक, तीच फांदी, आणि मागून कार येते शंभरने. त्यात पावसाचा पडदा, आणि काँक्रीटवर बसलेली मोकाट गुरं. त्या गुरांना कसला दंड लावणार?

आणि मला कळतं कसं? टपरीवरून फोन येतो, नाहीतर एसटीचा ड्रायव्हर जाता जाता ओरडून सांगतो, "घाटात टँकर आडवा झालाय!" चढाला की उताराला, कुठल्या बाजूला, टँकरमध्ये आहे काय, हे कोणीच सांगत नाही. आमच्याकडे केमिकलची एमआयडीसी. आत काय आहे ते माहीत नसताना हुक लावायला माझी पोरं तयार नसतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. तोवर मागे रांग लागते आणि क्रेन अडकते रांगेच्या शेपटाला. गणपतीतलं तर विचारूच नका.

रस्त्यावर नजर ठेवणारी यंत्रणा कोणी जवळून पाहिली असेल तर सांगा, निवेदनात नेमकं काय लिहू?

तळेगाव_वाशी_रोज

एक्सप्रेसवेवर जुलै 2024 पासून ती कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू आहे, म्हणून अनुभव सांगतो. कमानीवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो. पण खरी मेख सरासरी वेगात आहे. दोन कमानी 10 किलोमीटरवर आहेत असं धरा. मर्यादा 100 ची, म्हणजे किमान 6 मिनिटं लागायलाच हवीत. तुम्ही 5 मिनिटांत पोचलात तर 120 ने आलात, हा हिशोब मशीन करतं. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे पुन्हा दामटायची, ही चलाखी तिथे चालत नाही. सीटबेल्ट, लेन तोडणं, उजव्या लेनला चिकटून जाणारे ट्रेलर, सगळं टिपतात.

फरक पडलाय, माझ्या डोळ्यांदेखत. बोरघाटात कारला 60 ची मर्यादा आहे आणि आता बरेच जण ती पाळतात. पण तुमचा मुद्दाही खरा. शनिवारी सकाळी घाटात जुन्या अमृतांजन पुलाच्या जागेच्या आसपास गाड्या तुंबतात तेव्हा कॅमेरा बिचारा बघत बसतो. चलन कोणावर फाडणार, सगळेच उभे!

निवृत्त_सिग्नलवाला

मी कोकण रेल्वेत सिग्नल आणि टेलिकॉममध्ये होतो, मुक्काम रत्नागिरी. तुमच्या रस्त्याला जवळपास समांतर, त्याच डोंगरांतून, त्याच नद्यांवरून आमची लाइन जाते. म्हणून थोडं लांबण लावतो.

2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 मध्ये करंजाडीजवळ गाड्या दरडीने घसरल्या. माणसं गेली. त्यानंतर जे झालं त्यात बातमीत येण्यासारखं फार कमी होतं. डोंगर कापून लाइन नेलीय त्या कटिंगमध्ये इनक्लिनोमीटर बसले, म्हणजे डोंगराची माती आतून सरकते का ते सांगणारी नळी. काही स्टेशनांवर पाऊस मोजायची यंत्रं आली. पानवलच्या उंच पुलावर, मांडवी आणि झुआरीवर वाऱ्याचा वेग मोजतात. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पाणी धोक्याला आलं की इशारा मिळतो. पावसाळ्यात वेळापत्रकच वेगळं, आणि समोरचं दिसेनासं झालं की 40 च्या वर जायचं नाही असा हुकूम.

आता सावित्री आणि वाशिष्ठी या दोन नावांकडे बघा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना रस्तापूल वाहून गेला, दोन एसट्या गेल्या. पूल गेलाय हे मागून येणाऱ्या गाड्यांना सांगायला रस्त्यावर काही नव्हतं. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलाची काय गत झाली ती तुम्ही पाहिलीच असेल. दोन्ही नद्यांवर रेल्वेला पाणी कळतं, आणि शेजारच्या हायवेवरचा ड्रायव्हर काच खाली करून अंदाज घेतो.

म्हणून निवेदनात पहिल्यांदा डोंगर आणि पाणी लिहा. परशुराम घाट 2022 च्या उन्हाळ्यात कामासाठी दुपारचा बंद ठेवत होते, आठवत असेल. दरडीचा धोका तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. पाऊस इतका झाला, माती इतकी सरकली की घाट बंद, हा आकडा आधी ठरलेला असला पाहिजे. ऐन वेळी साहेबांना फोन करून विचारायची वेळ येऊ नये. आमच्याकडे स्टेशनमास्तर सिग्नल लाल ठेवतो, त्यावर वाद होत नाही. रस्त्यावर लाल सिग्नल कोणी द्यायचा तेच कागदावर नसतं, तिथे सेन्सर लावून काय होणार.

आणि विजेचं विसरू नका. कोकणात वारा सुटला की पहिली जाते ती लाइट. बॅटरी किती तास टिकेल, रस्त्याकडेला खोदताना फायबर तुटली तर दुसरी वाट कोणती, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

चिपळूणची_बर्मिंगहॅममध्ये

माहेर खेर्डीचं, इथे वाहतूक नियोजनात काम करते. आमच्या शेजारी एम 42 हा मोटरवे आहे. बदलती वेगमर्यादा आणि गर्दीत कडेची पट्टी खुली करणं, हे दोन्ही मिळून इंग्लंडने 2006 मध्ये पहिल्यांदा तिथेच करून पाहिलं. रस्त्यात पुरलेली तारांची वेटोळी गाड्या मोजतात, पुढे दाटी व्हायला लागली की कमानीवरची मर्यादा आपोआप 60, 50, 40 अशी उतरते (मैलांत). पुढच्या रांगेवर मागचे धडकत नाहीत आणि थांब-चालचा धक्का मागे पसरत नाही. गर्दीच्या वेळी कडेची पट्टीसुद्धा वाहतुकीला खुली करायचे. तेव्हा बंद गाडीला आसरा म्हणून कडेला थोड्या थोड्या अंतरावर खिसे ठेवले होते, साधारण 500 मीटरवर.

पुढे लोभ सुटला. नंतरच्या रस्त्यांवर कडेची पट्टी कायमचीच लेन झाली आणि खिसे लांब लांब गेले. उभी गाडी ओळखणारं रडार सगळीकडे नव्हतं. बंद पडलेल्या गाड्यांतली माणसं मागून ठोकरली जाऊन मेली. लोकांचा विश्वास उडाला आणि एप्रिल 2023 मध्ये सरकारने नवे असे रस्ते करणंच रद्द केलं.

त्यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी. घाटाच्या दोन्ही बाजूंना उभी गाडी ओळखणारं रडार मागा. त्याला पाऊस-धुकं कॅमेऱ्याइतकं नडत नाही. आणि फलक खरं बोलला पाहिजे. दरड उचलून दोन दिवस झाले तरी "सावकाश, पुढे दरड" लुकलुकत राहिलं, तर तिसऱ्या दिवशी त्याकडे कोणी बघणार नाही. इथेही रिकाम्या रस्त्यावर 40 दिसलं की लोक शिव्या घालतात.

लोटे_क्रेनवाला

ताई, काका, फार कामाचं लिहिलंत. फलकावरून आठवलं. घाट बंद झाला की छोट्या गाड्या आंबडस-चिरणी-कळंबस्तेने काढतात. पण बंद आहे हे कळतं घाटाच्या तोंडाशी आल्यावर, फाटा तर मागेच राहिलेला. मग सगळे दुभाजकाच्या कटमधून उलटे वळतात आणि राँग साइडने परत येतात. म्हणजे एका अडथळ्याचे दोन. फलक फाट्याच्या आधी पाहिजे, दोन्ही बाजूंना, आणि त्यावर "अवजड वाहने थांबा" हेही पाहिजे, कारण त्या रस्त्यावर ट्रेलर घुसला तर मलाच बोलावतात आणि तिथे माझी मोठी क्रेन वळतसुद्धा नाही.

दुसरं. रडारने ओळखलं, कंट्रोल रूममध्ये घंटा वाजली, पुढे काय? 1033 या हायवे हेल्पलाइनला फोन लागतो, पण क्रेन कुठे उभी आहे त्यावर सगळं. पावसाळ्यात घाटाच्या वर एक आणि खाली एक क्रेन कायम उभी ठेवा, कोणाचीही असो. माझीच ठेवा असं म्हणत नाही (ठेवली तर नाही कशाला म्हणू!). घंटा वाजल्यापासून हुक लागेपर्यंत किती मिनिटं गेली ते दर महिन्याला लिहून जाहीर करा. बैठकीत हे मी बोलणार. दंडाचं बोलायला बाकीचे आहेतच.

एक शंका. टँकरच्या मागे केमिकलचा नंबर असलेली पाटी असते, ती कॅमेऱ्याला वाचता येईल का? आधी कळलं तर आम्ही तयारीने जाऊ.

तळेगाव_वाशी_रोज

नंबरप्लेट वाचणाऱ्याला ते चार आकडे वाचायला काय जड? पण जुलैत तुमच्याकडच्या टँकरची मागची बाजू मी पाहिलीय. चिखलाखाली पाटी आहे हेच कळत नाही.

लोटे_क्रेनवाला

मग एमआयडीसीच्या गेटवर धुऊन सोडायला सांगतो. तेही निवेदनात घालतो.