शब्दचर्चा : ‘ॲरोमॅटिक’ला सुगंधी म्हणायचे का? आणि धातूच्या ‘कॉम्प्लेक्स’ला काय?

प्रश्नकर्ती (संशोधक विद्यार्थिनी, नागपूर)

नमस्कार. मी नागपूरला रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय आहे ॲरोमॅटिक शिफ बेस (अल्डिहाइड आणि अमीन जोडून होणारी संयुगे) आणि धातूंबरोबर होणारी त्यांची कॉम्प्लेक्सेस. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, एका मराठी शाळेत नववी-दहावीच्या मुलांपुढे यावर बोलायचे आहे. आदल्याच दिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी ‘पूर्ण मराठीत बोला’ असे आवर्जून सांगितले आहे.

प्रयोगशाळेत आमचे बोलणे असे असते : ‘लिगँड रिफ्लक्सला लावला, कॉपर ॲसिटेट टाकलं, अर्ध्या तासात पीपीटी आला.’ क्रियापदे तेवढी मराठी. (लिगँड म्हणजे धातूला धरणारा रेणू किंवा आयन, पीपीटी म्हणजे प्रेसिपिटेट, द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ.) मुलांसमोर हे चालणार नाही, आणि कोशातले जड शब्द वाचून दाखवले तर तेही झोपतील. पाच शब्दांपाशी गाडी अडली आहे : ॲरोमॅटिक, कॉम्प्लेक्स, लिगँड, चिलेट, प्रेसिपिटेट. जाणकारांनी सुचवावे.

अनुवादक

ॲरोमॅटिकसाठी ‘सुगंधी’ किंवा ‘सौरभिक’. कॉम्प्लेक्ससाठी ‘जटिल संयुग’. प्रेसिपिटेट म्हणजे ‘अवक्षेप’. बाकीचे दोन तसेच ठेवा.

रसायनाचे शिक्षक, नागपूर

‘सुगंधी’ला माझा ठाम विरोध आहे, आणि नागपुरात तर फारच. कारण सांगतो.

मुलांच्या डब्यात संत्रे असतेच. त्याची साल मेणबत्तीजवळ दुमडून दाबली की तेलाचे बारीक तुषार उडतात आणि ज्योतीत भुरभुर पेटतात. त्या तेलात मुख्यतः लिमोनीन असते. संत्र्याचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्यात त्याचा वाटा मोठा. लिमोनीनच्या रेणूत सहा कार्बनचे वलयही असते. तरीसुद्धा रसायनशास्त्रात लिमोनीन ॲरोमॅटिक नाही, कारण त्या वलयात दुहेरी बंध एकच आहे. उलट घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची गोळी नाकाशी धरा, वास जवळजवळ नाहीच, आणि तिच्या रेणूत बेंझीनचे अस्सल ॲरोमॅटिक वलय आहे. पिरिडीनही ॲरोमॅटिक, पण बाटली उघडली तर कुजक्या मासळीसारख्या वासाने माणूस खोलीबाहेर पळेल. म्हणजे ‘सुगंधी संयुगे’ असे फळ्यावर लिहिले की पहिल्याच बाकावरची मुलगी विचारणार, ‘सर, मग संत्रं?’ आणि तिचा प्रश्न बरोबर असणार.

वास आणि वलय दोन्ही हवे असेल तर ओवा घ्या. ओव्याचे फूल म्हणून जे स्फटिक मिळतात ते थायमॉल. त्यात बेंझीनचे वलय आहे आणि वास तर सर्वांच्या ओळखीचा. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थॅलीन, तीही ॲरोमॅटिक.

शब्द मुळात वासावरूनच आला हे खरे. ऑगस्ट विल्हेल्म होफमान यांनी १८५५ मध्ये तो रासायनिक वर्गासाठी वापरला, तेव्हा हाती असलेले पदार्थ राळा आणि सुवासिक तेलांशी नाते सांगणारे होते. बेंझीन मायकेल फॅरेडे यांनी १८२५ मध्ये दिव्याच्या गॅसमधून उरलेल्या तेलकट द्रवातून वेगळे केले होते. वलयाची कल्पना केकुले यांनी मांडली १८६५ मध्ये. पुढे अर्थ वासापासून सुटला आणि रेणूच्या स्थैर्याला चिकटला. सायक्लोहेक्झीनमधल्या एका दुहेरी बंधाला हायड्रोजन जोडताना मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. बेंझीनमध्ये असे तीन बंध खरोखर वेगवेगळे असते तर ३६० पडायला हवी. पडते २०८. हा जो दीडशेचा फरक आहे, तेच ॲरोमॅटिक असण्याचे मर्म. इलेक्ट्रॉन एका जागी न बसता सगळ्या वलयावर पसरतात आणि रेणू निवांत होतो. म्हणून कार्बन-कार्बन अंतरही सहाही बाजूंना सारखेच, १३९ पिकोमीटर.

तेव्हा शब्द ‘ॲरोमॅटिक’च ठेवावा. डॉक्टर, बँक, स्टेशनप्रमाणे तो देवनागरीत सहज बसतो.

अनुवादक

मान्य. ‘सौरभिक’मध्येही सुरभी आहेच, तेव्हा तोही बाद. पण मुलांना मुळाशी काही धागा द्यायचा असेल तर बेंझीन या नावाकडे पाहा. अरबीत ‘लुबान जावी’ म्हणजे जावाकडचा लोबान. युरोपात जाता जाता सुरुवातीचा ‘लु’ गळला, बेंजॉइन झाले, मग बेंझोइन ही राळ, तिच्यातून मिळालेले बेंझोइक आम्ल, आणि १८३३ मध्ये मित्शरलिश यांनी त्या आम्लाचे चुन्याबरोबर ऊर्ध्वपातन करून काढलेला द्रव तो ‘बेंझिन’. ताजबागेत दर्ग्यापाशी लोबान जळतो तो वास नागपूरच्या मुलांना माहीत असतो. लोबान आणि बेंझीन हे दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दाची लेकरे आहेत.

शिक्षक

हे जरूर सांगा. फक्त लोबान म्हणून बाजारात निरनिराळ्या झाडांच्या राळा विकल्या जातात, तेव्हा ‘लोबानातून बेंझीन निघते’ असे मुलांच्या डोक्यात जायला नको. नाते नावाचे आहे, ते तेवढेच सांगावे.

प्रश्नकर्ती

सर, फारच उपयोगी. ॲरोमॅटिक ठरले. आता कॉम्प्लेक्स. ‘जटिल संयुग’ म्हटले की मुलांना वाटेल अवघड संयुग. आमच्या प्रबंधाच्या मराठी सारांशात काहींनी ‘धातू संमिश्र’ लिहिलेले पाहिले आहे.

शिक्षक

‘संमिश्र’ मुळीच नको. पितळ, कांसे, पोलाद यांना शाळेच्या पुस्तकात संमिश्र म्हणतात. दहावीचा मुलगा ‘तांब्याचे संमिश्र’ ऐकेल आणि त्याच्या डोळ्यांपुढे पितळेची घागर येईल. त्याने जे पाठ केले आहे त्यालाच आपण धक्का द्यायचा का?

‘जटिल’ ग्रंथांत रुळलेला आहे, त्याला चूक म्हणणार नाही. पण मराठीत जटिल हा प्रश्न असतो, खटला असतो. गुंता आणि त्रास हा त्याचा सूर. धातूच्या कॉम्प्लेक्समध्ये गुंता नसतो, उलट काटेकोर रचना असते. मधोमध धातूचा आयन, भोवती ठरावीक कोनांत ठरावीक संख्येने बसलेले रेणू.

माझे मत ‘संकुल’. हिंदीत रसायनासाठी तो वापरतात, म्हणून काहींना तो उसना वाटतो. पण शैक्षणिक संकुल, क्रीडा संकुल हे शब्द आपण रोज वापरतो. मानकापूरचे क्रीडा संकुल डोळ्यांसमोर आणा. भोवती भिंत आहे, आत काय आणि बाहेर काय हे स्पष्ट आहे. आल्फ्रेड व्हेर्नर यांनी १८९३ मध्ये जे दाखवून दिले ते नेमके हेच, आत काय आणि बाहेर काय. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांची दोन संयुगे घ्या. एकात कोबाल्टमागे सहा अमोनिया, रंग पिवळसर नारिंगी. दुसऱ्यात पाच, रंग जांभळट. क्लोरीन दोन्हींत तीनच. सिल्व्हर नायट्रेट घातले की पहिल्यातले तिन्ही क्लोराइड पांढऱ्या साक्यात उतरतात, दुसऱ्यातले दोनच. तिसरा कुठे गेला? तो कोबाल्टला थेट चिकटून आत बसला आहे, सिल्व्हरच्या हाती लागत नाही. सूत्र लिहिताना आपण चौकोनी कंस घालतो तो हा कुंपणाचा. या कामासाठी व्हेर्नर यांना १९१३ चे नोबेल मिळाले. ‘जटिल’ शब्दातून हे आत-बाहेर कधीच दिसत नाही, ‘संकुल’मधून दिसते.

आणि वर मी ‘साका’ म्हटले. अवक्षेप हा कोशातला, साका हा जुना आणि जिवंत. ‘साका बसला’, ‘साका गाळून घेतला’ असे सहज म्हणता येते. तुमच्या पीपीटीला हाच शब्द द्या.

संत्रा बागायतदार, काटोल

नमस्कार मंडळी. मी रसायनवाला नाही, पण चिलेट शब्दावरून लिहितो. ताई, याचे मराठी करायच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडे झाडून सगळे शेतकरी हाच शब्द वापरून राहिले. कृषी केंद्रात जाऊन ‘चिलेटेड झिंक द्या’ म्हटले की १२ टक्केवाला पुडा समोर येतो. संत्र्याची पाने बारीक पडली, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा झाला की आम्ही तेच फवारतो. दुसरा शब्द काढला तर दुकानदारालाही कळणार नाही.

तुमच्या मुलांना धातूचे संकुल हातात द्यायचे असेल तर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, न्या. बुंध्यातून डिंक गळायला लागला की आम्ही बोर्डो पेस्ट लावतो, त्यात १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, लोखंडी भांडे अजिबात घ्यायचे नाही. झाल्यावर घासलेला विळा बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा.

एक विचारायचे होते. लोहाचे चिलेट दोन प्रकारचे मिळते, ईडीटीएवाले पिवळसर आणि ईडीडीएचएवाले गडद लाल. लाल फार महाग. चुनखडीच्या जमिनीत तेच चालते म्हणतात. असे का?

प्रश्नकर्ती

दादा, तुमच्या प्रश्नातच माझे अर्धे व्याख्यान आहे!

आधी शब्द. चिलेट आला ग्रीक भाषेतून, खेकड्याच्या नांगीसाठी जो शब्द आहे त्यावरून. मॉर्गन आणि ड्र्यू यांनी १९२० मध्ये तो रसायनात आणला. एकाच रेणूने धातूला दोन किंवा अधिक जागी धरले की ते चिलेट. ईडीटीए सहा जागी धरतो. साधे झिंक सल्फेट चुनखडीच्या जमिनीत टाकले तर झिंक न विरघळणाऱ्या रूपात अडकते. ईडीटीएच्या पकडीत असले की पाण्यात विरघळलेले राहते.

लोहाचे मात्र तेवढ्याने भागत नाही. चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) जास्त असतो, कॅल्शियम भरपूर असते. अशा जागी ईडीटीए लोहाला सोडून कॅल्शियमला धरतो आणि सुटलेले लोह गंजासारखे बसून जाते. ईडीडीएचएमध्ये दोन ॲरोमॅटिक वलये आहेत आणि प्रत्येक वलयावर एक ऑक्सिजन. हे ऑक्सिजन लोहाला फार घट्ट धरतात, म्हणून जास्त सामूलाही पकड सुटत नाही. आणि तो गडद लाल रंग त्याच ऑक्सिजन-लोह जोडीचा आहे. प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन वलयाकडून लोहाकडे सरकतो.

आमच्या प्रयोगशाळेतला नेहमीचा लिगँड याचाच चुलतभाऊ. गरम एथेनॉलमध्ये सॅलिसिलाल्डिहाइड घ्यायचे, वरून एथिलीनडायअमीन सोडायचे. थेंब पडताच द्रव पिवळाधमक होतो आणि बघता बघता चकचकीत पत्र्यांसारखे स्फटिक तरंगू लागतात. तो शिफ बेस, १८६४ पासून ह्यूगो शिफ यांच्या नावाने ओळखला जाणारा. त्यातही दोन ॲरोमॅटिक वलये, दोन ऑक्सिजन, दोन नायट्रोजन. निकेल ॲसिटेट घातले की विटकरी साका, तांबे घातले की गडद हिरवा.

शिक्षक

मोरचुदाचा मुद्दा उत्तम. निळा खडा परीक्षानळीत तापवा, पांढरा होतो. गार झाल्यावर पाण्याचा थेंब टाका, पुन्हा निळा. तांब्याभोवती पाण्याचे चार रेणू असतात तेव्हाच तो रंग दिसतो. मग वरून अमोनिया घाला. आधी फिकट निळा साका येईल, आणखी घातला की तो विरघळून गर्द निळे द्रावण होईल, म्हणजे आतले पाणी बाहेर आणि अमोनिया आत. संकुल, साका आणि लिगँड हे तिन्ही शब्द मुलांना एका परीक्षानळीत भेटतील.

लिगँड तसाच ठेवा. लॅटिनमधल्या ‘बांधणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला आहे. ‘संलग्नी’ वगैरे पर्याय मी वाचले आहेत, पण वर्गात वापरलेला एकही माणूस पाहिला नाही. पहिल्यांदा उच्चारताना ‘धातूला धरणारा रेणू किंवा आयन’ एवढे म्हणा, पुढे नुसते लिगँड.

व्याकरणाकडे लक्ष असणारा वाचक

लिहिण्यापुरते दोन शब्द. सुटा असेल तर ‘धातू’ दीर्घ, समासात ‘धातुसंकुल’ ऱ्हस्व, जसे धातुशास्त्र. लिगँड पुल्लिंगी (तो लिगँड, ते लिगँड), चिलेट आणि संकुल नपुंसकलिंगी. ‘शिफ बेस’मधल्या बेसला शाळेत आम्लारी म्हणतात, पण हे विशेषनाम झाले आहे, ‘शिफ आम्लारी’ करू नये. आणि ‘लिगँडद्वारे धातू बांधला जातो’ अशी कर्मणी रचना टाळा. ‘लिगँड धातूला धरतो’ हे पुरते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. फलकासाठी हे लिहिले आहे :

‘ॲरोमॅटिक वलये आणि त्यांची धातुसंकुले : मोरचुदापासून संत्र्याच्या बागेपर्यंत. धातूचा आयन मधोमध असतो. लिगँड त्याला चहूबाजूंनी धरतात. एकाच लिगँडने अनेक जागी धरले तर ते चिलेट. धरणारा बदलला की रंग बदलतो.’

दादा, लाल चिलेटची चिमूटभर पूड मिळेल का? ईडीटीएवाल्या पिवळसरच्या शेजारी दोन काचेच्या ग्लासांत विरघळवून ठेवायची आहे.

बागायतदार

दोन्ही पुड्या देतो ताई. शनिवारी कळमन्याला माल घेऊन येतो आहे, तिथेच घ्या. मुलांना हात लावू देऊ नका, लाल डाग कपड्यावरून लवकर निघत नाही.