निसर्ग, तौक्ते, फयान : किनाऱ्यावरच्या घरांतले अनुभव

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर चढलं. वारा ताशी 100 किलोमीटरच्या वर. बातम्यांतून ते दोन दिवसांत गेलं, वाड्यांमधून, म्हणजे आमच्या नारळ-सुपारीच्या बागांमधून, अजून गेलेलं नाही. त्या दिवसाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. मला हवंय ते त्यानंतरचं. तुमच्या घरात, वाडीत, होडीवर काय झालं आणि ते निस्तरायला किती काळ गेला, ते लिहा. सुरुवात मी करते.

श्रीवर्धन
सकाळी वारा डोंगराच्या अंगाने होता. दुपारी आधी छपराच्या माथ्यावरचे कोने निघाले, मग कौलांच्या रांगा सुटल्या. वर माळा असल्याने आम्ही सगळे माजघरात बसलो होतो. मधेच वारा एकदम पडला. शेजारचे काका वाडी बघायला निघाले, तसं सासऱ्यांनी त्यांचा हात धरला, "थांब रे, अर्धंच झालंय." थोड्या वेळाने वारा उलटा, समुद्राकडून आला. पहिल्या वाऱ्याने ढिल्या केलेल्या पोफळी (सुपारीची झाडं) दुसऱ्याने झोपवल्या. पोफळ उंच, सडपातळ, मुळं फार खोल नाहीत. एक पडली की शेजारच्या दोघींना घेऊन पडते. काही तर मध्यावर पिळवटून मोडल्या होत्या, चिरफळ्या बाहेर आलेल्या.

संध्याकाळी विहिरीवर जायला वाट नव्हती, आडव्या खोडांवरून चढून जावं लागलं. वीज नाही म्हणून पंप नाही, आणि रहाट आम्ही केव्हाच काढून टाकलेला. कित्येक आठवडे दोर-बादलीनेच पाणी काढलं. वाडी साफ करायला करवतवाला मिळेना, मिळाला तर मजुरी परवडेना. पुढे भरपाई ठरली ती झाडामागे सुपारीला 50 आणि नारळाला 250 रुपये. पोफळ लावल्यावर उत्पन्न यायला सहा-सात वर्षं जातात. आणि ज्याचा हिशोब कुठल्याच पंचनाम्यात आला नाही ते म्हणजे सावली. पोफळी गेल्यावर खालची जायफळं उघडी पडली, पुढच्या उन्हाळ्यात त्यांची पानं करपली.

हर्णै
1 जूनपासून मासेमारी बंद असते, म्हणून आमची माणसं घरात होती. होड्या वर ओढून शाकारलेल्या, तरी काही एकमेकींवर आपटून फुटल्या. पण होडी पुन्हा बांधता येते. हेच वादळ हंगामात आलं असतं तर? ज्यांनी फयान वादळ पाहिलंय त्यांना विचारा.

रत्नागिरी तालुका
वरचं वाचून लिहितो. फयान नोव्हेंबर 2009 मध्ये आलं, ऐन हंगामात. आमच्याकडच्या होड्या समुद्रात होत्या, मोबाईलला रेंज नाही, होडीवर बिनतारी यंत्र नाही. माझे काका परत आले, त्यांच्या बरोबरीने गेलेली दुसरी होडी आली नाही. त्या घरच्या वहिनी बरेच दिवस रोज बंदरावर येऊन होडी घेऊन आलेल्या प्रत्येक नाखव्याला विचारायच्या. निसर्गच्या वेळी मिऱ्याच्या किनाऱ्याला 'बसरा स्टार' जहाज भरकटून लागलं, ते बघायला गर्दी झाली. मी गेलो नाही.

पुणे (गाव दिवेआगर)
आई-बाबा गावाला, आम्ही इथे अडकलेलो. दुपारी फोन लागायचा बंद झाला तो झालाच. लॉकडाऊन होतं, जिल्हा ओलांडायला पास हवा. पास मिळाल्यावर गाडीत ताडपत्र्या, मेणबत्त्या, खिळे आणि औषधं भरून निघालो. पत्रे वाटेत कुठे मिळाले नाहीत, मिळाले तिथे भाव दुप्पट. घरी पोचलो तेव्हा आई आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवलेलं, सामान उन्हात घालत होती. भिजलेली डाळ, मसाला, पापड. वर्षाची बेगमी. "घर उभं आहे रे," एवढंच म्हणाली आणि मिरच्या उलटवत राहिली.

देवगड
आमच्याकडे तौक्ते, 16 मे 2021. वादळ किनाऱ्याला समांतर वर गेलं, तरी शेवटच्या तोडणीचा हापूस सगळा खाली. आईचं वाक्य : "आंब्यांचो नुसतो खच पडलो." पडलेला फणस-आंबा खायला माणसंही नव्हती, चाकरमानी त्याही वर्षी आले नाहीत. जुनी कलमं मुळासकट गेली, ती आजोबांनी लावलेली होती.

गुहागर
थोडं कामाचं लिहितो. मे संपायच्या आत घरावर झुकलेल्या माडांची झावळं आणि नारळ उतरवून घेतो. विहिरीवर रहाट पुन्हा बसवला. सातबारा, बँकेची पुस्तकं, औषधांची चिठ्ठी प्लास्टिकच्या डब्यात, डबा माळ्यावर नाही, माजघरात. वाडीच्या समुद्राकडच्या बाजूला वारा अडवायला उंडीची झाडं लावली आहेत. वारा मधेच पडला तर बाहेर जायचं नाही, हे मुलांना पाठ करून ठेवलंय.

श्रीवर्धन
उंडीचं चांगलं सांगितलंत. आमच्या नव्या पोफळी आता कमरेच्या वर आल्या आहेत. ज्यांनी वादळानंतर पुन्हा लागवड केली, त्यांनी दोन झाडांत अंतर किती ठेवलं आणि मधल्या वर्षांत सावलीसाठी काय लावलं, तेही लिहा. आम्ही केळी लावल्या आहेत.