मदत हवी आहे: "बाई, सूत्र कुठलं?" याचं काय करू?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी आठवी-नववीला गणित शिकवते. इथे बरेच शिक्षक आणि शिक्षकांपेक्षा जास्त गणितवेडे आहेत, म्हणून विचारतेय.

सरावसंचातली उदाहरणं माझी मुलं खटाखट सोडवतात. तेच गणित जरा शब्द फिरवून, पुस्तकाबाहेरून दिलं की पेनं खाली, माना वर आणि एकच प्रश्न: "बाई, सूत्र कुठलं वापरायचं?" सूत्र सांगितलं की पुन्हा खटाखट. म्हणजे गणित मीच सोडवते, मुलं फक्त आकडेमोड करतात.

म्हणून यंदा ठरवलं की आठवड्यातल्या एकदोन तासिका उलट्या घ्यायच्या. आधी रीत नाही, आधी गणित. मुलांनी धडपडायचं, जे सापडेल ते मांडायचं आणि धडा त्यातून वर काढायचा. 'गंमत म्हणून कोडी' हा प्रकार मला नकोय. कोडी संपली की पुन्हा फळ्यावर रीत, हे मी बरंच पाहिलंय.

नववीला दोन चलांतील रेषीय समीकरणं सुरू करण्याआधी हे दिलं: ४७ डझन हापूस आहे. पेट्या फक्त पाच डझनी आणि सहा डझनी. प्रत्येक पेटी पूर्ण भरायची, एक आंबा बाहेर राहता कामा नये. किती प्रकारे भरता येईल?

आमच्याकडे निम्म्या मुलांनी मे महिन्यात पेटीत पेंढा घातलेला असतो, त्यामुळे गणित परकं नव्हतं. तरी पहिली काही मिनिटं नुसती चुळबुळ. मग पुढच्या बाकावरचे ते नेहमीचे तिघं "सात आणि दोन!" असं ओरडले आणि बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. संपलं गणित. मी विचारलं, दुसरा प्रकार आहे का? सगळे गप्प. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून एकजण, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला, "पाचाच्या सहा पेट्या फोडायच्या नि तेवढ्याच आंब्यांच्या सहाच्या पाच भरायच्या." इकडे तीस डझन, तिकडेही तीस डझन. सातातल्या सहा गेल्या, एक राहिली. दोनाच्या सात झाल्या. म्हणजे एक आणि सात. मला उभ्या जागी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, कारण असल्या समीकरणांची पूर्णांकी उत्तरं एकातून दुसरं कशी निघतात ते सगळं त्या एका वाक्यात आलं. पण वर्गातल्या बहुतेकांनी ते ऐकलंच नाही. त्यांच्या वहीत उत्तर आधीच लिहून झालं होतं.

तर अडचण ही आहे. मूल अडलं की मी किती वेळ गप्प बसायचं? गप्प बसले तर वर्गाचा बाजार होतो, बोलले तर ते उत्तर माझं होतं. मधली जागा मला सापडत नाहीये. शिवाय तासिका पस्तीस मिनिटांची, त्यातली पाच हजेरी आणि गृहपाठात जातात. गणपतीच्या सुट्टीनंतर वर्ग भरायलाच आठवडा लागतो आणि लगेच सत्र परीक्षा तोंडावर. पालक विचारतात की पोर्शन कुठवर आला. त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही.

ज्यांनी हे प्रत्यक्ष वर्गात केलंय त्यांनी सांगा. "मुलांमध्ये गणिताची आवड निर्माण करा" छापाचे सल्ले कृपया नकोत, ते प्रशिक्षणात भरपूर मिळतात. :)

----

प्रतिसाद:

ताई, मी निवृत्त शिक्षक, सिंधुदुर्गात नोकरी झाली. तुमचा खरा प्रश्न किती वेळ गप्प बसायचं हा नाहीच. गप्प बसणं संपल्यावर तोंडातून काय बाहेर पडतं, तिथे सगळं अडतं.

मी एक नेम केला होता. जी सूचना दुसऱ्या कुठल्याही गणिताला चालेल, तेवढीच द्यायची. "काय दिलंय? काय काढायचंय? आकडा लहान करून बघितलास का? चित्र काढलंस का?" हे आंब्यालाही चालतं आणि त्रिकोणालाही चालतं. "आधी सहाच्या पेट्या काढून बघ" हे फक्त याच गणिताला चालतं, म्हणून ती सूचना नव्हे, ते अर्धं उत्तर. असे चारपाच प्रश्न ठरवून घ्या आणि रोज तेच विचारा. काही दिवसांनी तुम्ही तोंड उघडण्याआधी मूलच म्हणतं, "बाई, आकडा लहान करून बघू?" ते आलं की निम्मं काम झालं.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. जॉर्ज पोल्या नावाच्या हंगेरियन गणितज्ञाने १९४५ मध्येच चार पायऱ्या मांडून ठेवल्यात: गणित समजून घे, बेत कर, बेत पार पाड, मागे वळून बघ. आपल्याकडे चौथी पायरी कायम गळते. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की वही बंद. तुमचा तो मागच्या बाकावरचा चौथ्या पायरीवर उभा होता.

आणि पाच मिनिटं वर्गात कडक शांतता. हात वर करायचा नाही, उत्तर ओरडायचं नाही, प्रत्येकाच्या वहीत काहीतरी उमटलं पाहिजे, चुकीचं का असेना. या बाबतीत मी खडूस होतो आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

----

प्रतिसाद:

वरच्या सरांना अनुमोदन. त्या पुढच्या बाकावरच्या तिघांबद्दल माझे दोन पैसे.

जपानी शाळांत गणिताचा तास बऱ्याचदा एकाच गणितावर चालतो. मुलं सोडवत असताना शिक्षक वर्गात फिरतात, बरोबर-चूक काही बोलत नाहीत, कोणी कसं केलंय तेवढं टिपून ठेवतात. मग फळ्यावर कोणाला आधी बोलवायचं ते ठरवतात. हुशाराला सगळ्यांत शेवटी. आधी ज्याने ४७ मधून सहा-सहा वजा करत लांबलचक यादी केली तो, मग ज्याने ओळखलं की उरलेल्याच्या एककस्थानी ० किंवा ५ हवा तो, मग तुमचा पेट्या फोडणारा. आणि फळा पुसायचा नाही. तिन्ही रीती शेजारी-शेजारी दिसल्या की मुलं स्वतःच म्हणतात, अरे, ही तर तीच!

यादी करणाऱ्याला पहिला बोलावल्याचा आणखी एक फायदा. आपली ढोबळ रीत फळ्यावर जायच्या लायकीची आहे हे त्याला कळतं आणि पुढच्या वेळी तो उतरवून घेत बसत नाही.

तुमच्या तिघांसाठी वाढीव काम: याच दोन पेट्यांत अजिबात न भरता येणारा सगळ्यांत मोठा डझनांचा आकडा कुठला? त्यांना बसू दे. उत्तर १९ येतं. २०, २१, २२, २३, २४ सगळे भरता येतात, आणि एकदा हे सलग पाच जमले की पुढच्या प्रत्येकासाठी पाचाची एक पेटी वाढवत जायचं. पण १९ का जमत नाही हे पटवून द्यायला सांगा, नुसतं उत्तर घेऊ नका. तास आरामात जातो.

----

प्रतिसाद:

थोडा विरोधी सूर लावतो. हे सगळं छान आहे, पण ज्या मुलाला हातचा घेऊन वजाबाकी धड येत नाही त्याचं काय? आमच्या रायगड जिल्ह्यातल्या शाळेत आठवीत अशी मुलं आहेत. ती 'धडपड' वगैरे करत नाहीत, ती बाहेर बघतात. त्यांना आधी सराव हवा.

मी त्यांच्यासाठी कापरेकरांना पकडलं. (गणितज्ञ द. रा. कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचा माणूस. देवळालीला शाळेत शिक्षक होते.) त्यांचा ६१७४ बहुतेकांना माहीत असतो (चार अंकी संख्येचे अंक उलटसुलट लावून वजाबाक्या करत गेलं की शेवटी येणारा आकडा), मी तेच तीन अंकांवर करतो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा (९९ आलं तर ०९९ धरायचं). ८२१ वजा १२८ म्हणजे ६९३. मग ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४. मग ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. त्यापुढे ४९५च येत राहतं. मूल पानभर हातच्याच्या वजाबाक्या करतं आणि कोणी सराव दिलाय हे त्याला कळतही नाही. हातचा चुकतच राहिला तर ४९५वर थांबत नाही, म्हणजे तपासायलाही मी लागत नाही. आणि त्याच वर्गातल्या चांगल्या मुलांना विचारायचं, उत्तरातला मधला अंक दर वेळी ९ कसा? फरक म्हणजे मोठ्या आणि लहान अंकातल्या अंतराची ९९ पट, हे आठवीच्या बीजगणितात बसतं. मूळ संख्येतल्या मधल्या अंकाचा संबंधच येत नाही.

एकच गणित, खाली सराव, वर सिद्धता. असली गणितं शोधायला वेळ लागतो. त्यामुळे आठवड्याला दोन वगैरे विसरा, महिन्याला दोन चांगली मिळाली तरी पुष्कळ.

----

प्रतिसाद:

पालकांना सांगा की दहावीच्या चाळीस गुणांच्या पेपरात शेवटी तीन गुणांचा जो प्रश्न असतो तो पाठांतराने सुटत नाही. तीन गुण म्हटलं की पालक ऐकतात. स्वानुभव, मी पालकच आहे.

----

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी करून बघायचं होतं.

सरांचे प्रश्न एका पुठ्ठ्यावर लिहून फळ्याशेजारी लावलेत. मी नुसतं बोट दाखवते. फळा न पुसण्याचं मात्र जड जातंय, आमचा फळा लहान आणि पुढच्या तासाला इतिहासाचे सर येऊन आधी डस्टर शोधतात. आता मुलं रीती जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून भिंतीला लावतात.

विरोधी सूर लावणाऱ्यांचंही पटलं. ४९५ आठवीला दिलं. एका मुलाला तीनदा ४८५ आलं आणि त्याने हातचा कुठे चुकला ते स्वतः शोधून काढलं. माझ्याकडे वही आणलीच नाही.

पण सांगायचं वेगळंच आहे. मी नववीला विचारलं की तुमच्या घरी न लिहिता कुठलं गणित करतात? खारवीवाडीतला एकजण म्हणाला, आजोबा भरतीची वेळ काढतात. तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वर्गाने पंधरा तिथ्यांचा तक्ता केला. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी तक्ता बघून एक मुलगी म्हणाली, "बाई, हे बरोबर नाय. दर दिवशी पाऊण तास पुढे सरकते, मग पौर्णिमेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण वाजता कशी? दीड तास?"

पुढच्या वीस मिनिटांत मी फक्त पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. अवसेला आणि पुनवेला भरती एकाच वेळी येते हे वाडीतल्या मुलांना माहीत होतं. म्हणजे पंधरा तिथ्यांत बारा तास सरकायला हवेत. तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊणपट नव्हे, चार-पंचमांश! दर तिथीला तीन मिनिटं कमी धरली, पंधरा तिथ्यांची पंचेचाळीस झाली, तोच तो जास्तीचा पाऊण तास. चार-पंचमांशाने पौर्णिमेला बरोबर बारा आणि प्रतिपदेला बारा अठ्ठेचाळीस. तक्ता जुळला. मग आजोबा पाऊणपट का करतात? तो मुलगा म्हणाला, त्यांना पाऊणकी पाठ आहे, चार-पंचमांशाचा पाढा कुठे असतो!

यात अपूर्णांक होते, समप्रमाण होतं, आणि रेषीय समीकरणाचा धडा मी दुसऱ्या दिवशी याच तक्त्यावरून सुरू केला. पोर्शन फारसा मागे पडला नाही, कारण चढाचा अर्थ वेगळा समजवावा लागला नाही.

तर आता नवी मदत हवी आहे. मुलांनी भिंतीवरच्या घड्याळाने भरतीच्या वेळा टिपायला घेतल्यात. आमची शाळा खाडीत बरीच आत आहे, भरती इथे तोंडापेक्षा उशिरा पोचते, त्यामुळे दोन्ही हिशेबांत एक ठरावीक आकडा मिळवावा लागेल असं दिसतंय. किनाऱ्यावर किंवा खाडीत राहणाऱ्यांनी घरच्या जुन्या माणसांना विचारून सांगाल का, तुमच्याकडे पाऊणपट करून वर काही मिळवतात की नाही? गाव, तिथी आणि पूर्ण भरतीची वेळ एवढं कळवलंत तरी चालेल. बाकी मुलं काढतील.