बदकांच्या शिकारीत तीनच काडतुसं : नियम ठेवावा की काढावा?

सुपीरियरकाठचा
अमेरिकेत बदकं, हंस, होले अशा स्थलांतरित पक्ष्यांवर बार टाकायचा तर शॉटगनमध्ये (छऱ्यांच्या बंदुकीत) तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. भरलेली नव्हे, *मावता* कामा नयेत. म्हणून मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवायच्या नळीत लाकडाची किंवा प्लास्टिकची एकसंध खुंटी (प्लग) बसवायची, तीही बंदूक खोलल्याशिवाय निघणार नाही अशी. १९३५ पासूनचा फेडरल नियम आहे.

माझं म्हणणं, आता तो काढून टाका. दिवसाला सहा बदकं ही मर्यादा बहुतेक ठिकाणी आहेच. ती सहा मी कशी पाडली याच्याशी सरकारला काय करायचंय? उलट जखमी पक्षी पाण्यावर तडफडत असताना चौथं काडतूस हाताशी असेल तर त्याचे हाल लगेच संपवता येतात. हिमहंसांसाठी १९९९ पासून खास मोहिमेत ही खुंटी काढायची परवानगी सरकारनेच दिली आहे. मग बाकीच्यांना का नाही?

पाणथळ
सहाची मर्यादा फक्त हाती लागलेल्या पक्ष्यांवर चालते. छरे खाऊन पलीकडच्या लव्हाळ्यात जाऊन मेलेलं बदक कोण मोजतं?

थवा डोक्यावरून जातो तेव्हा पहिले एक-दोन बार नेम धरून होतात. त्यानंतरचे पळणाऱ्या शेपट्यांवर. अंतर दर क्षणाला वाढत असतं, आणि १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छरे बंद आहेत. पोलादी छरे हलके, लांबवर जोर टिकत नाही. म्हणजे चौथा-पाचवा बार मारण्यापेक्षा जखमी करण्याचंच काम जास्त करणार.

नियम कधी आला तेही बघा. तिशीतला दुष्काळ, तळी आटलेली, बदकं घटलेली. 'डिंग' डार्लिंग या व्यंगचित्रकाराला अध्यक्ष रूझवेल्टने १९३४ मध्ये वन्यजीव खात्याचा प्रमुख केलं. पुढच्याच वर्षी पाळीव बदकं बांधून जंगली बदकांना भुलवणं बंद, दाणे टाकून बोलावणं बंद, आणि बंदुकीत तीनच काडतुसं. ब्राउनिंगची पाच बारांची ऑटोमॅटिक तोवर तीसेक वर्षं बाजारात होती.

टवाळ_टेक्सन
मला तीन मिळाली काय आणि तीस मिळाली काय, होल्यांना काही धोका नाही.

सुपीरियरकाठचा
@पाणथळ, लांबून बार टाकणारा मूर्ख दुनळी घेऊनही टाकतोच. अक्कल खुंटीने येत नाही.

जुना वकील
अक्कल येत नाही, पण तपासता येतं, आणि कायद्याला तेच हवं असतं. कोणी किती लांबून बार टाकला हे वॉर्डन (शिकारीचे नियम तपासणारा अधिकारी) सिद्ध करू शकत नाही. मॅगझिनमध्ये डमी काडतुसं सरकवून बघणं मात्र अर्ध्या मिनिटाचं काम. तुम्ही आत दोनच भरली होती हा बचाव चालत नाही. स्थलांतरित पक्षी कायद्याखाली पंधरा हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

हे अमेरिकेचंच खूळ आहे असंही नाही. युरोपच्या १९७९ च्या पक्षी निर्देशात मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त मावणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकने शिकार करायला बंदी आहे. दोन मॅगझिनमध्ये, एक चेंबरमध्ये (जिथून बार सुटतो त्या खाचेत), म्हणजे तीनच.

कुडाळकर
आमच्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक. एक बार काढला की पुन्हा दारू ठासेपर्यंत डुक्कर घरी जाऊन झोपतो. तुमचं तीनाचं रडगाणं वाचून मजा वाटली.

मृण्मयी_पुणे
मला हा वादच अजब वाटतो. आपण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा केला, पुढे शिकार बंद केली. इथे चर्चा काय, तर पक्षी तीन बारांत मारावा की पाच!

पाणथळ
मृण्मयीताई, तिकडचं गणित वेगळं आहे. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक पाणपक्षी शिकाऱ्याला २५ डॉलरचा डक स्टॅम्प (शिकारीसाठी लागणारं सरकारी तिकीट) घ्यावा लागतो आणि त्यातले ९८ टक्के पाणथळ जागांवर खर्च होतात. शिवाय लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो १९३७ च्या कायद्याने राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळपास ३०० कोटी पक्षी कमी झाले असं २०१९ च्या अभ्यासात निघालं, पण बदकं-हंस मात्र त्यातही वाढले होते.

मृण्मयी_पुणे
पैसे लागतात तर कर सगळ्यांवर लावा. पक्षी बघणारे दुर्बिणी घेतात, त्यांच्यावर लावा. गोळी झाडणाऱ्याचेच उपकार कशाला?

सुपीरियरकाठचा
आणि ते वाढले पाणथळ जागा राखल्यामुळे, खुंटीमुळे नव्हे. माझ्याच बाजूचा मुद्दा दिलात.

पाणथळ
हिमहंसांचा दाखला तुम्ही दिलात, तो तुमच्यावरच उलटतोय. शेतातलं धान्य खाऊन हे हंस बेसुमार वाढले आणि हडसन उपसागराकाठचा टुंड्रा मुळासकट ओरबाडू लागले. सरकारला ते जास्त मारले जायला हवे होते, म्हणून खुंटी काढली. काडतुसांच्या संख्येने फरकच पडत नसता तर काढली कशाला?

सुपीरियरकाठचा
काढून काय झालं ते पण सांगा ना. खुंटी नाही, वर आवाजाची यंत्रं लावायची मुभा, तरी त्यानंतर कितीतरी वर्षं हिमहंस वाढतच राहिले. जास्तीच्या काडतुसांनी जे वाढणं थांबलं नाही, त्या काडतुसांचं भय मॅलार्ड बदकांच्या नावाने कशाला?

पाणथळ
हजारोंच्या थव्यातून दहा जास्त गेले तर कळणार नाही. मॅलार्ड वीसच्या टोळीने उतरतात. त्यातले दोन जास्त जखमी झाले तर ते दहा टक्के झाले.

टवाळ_टेक्सन
तुमचं चालू द्या. मी मेहुण्याची पंप शॉटगन उसनी घेतोय, आत खुंटी आहे की नाही कसं ओळखू?

जुना वकील
चेंबर रिकामं आहे ना ते आधी बघा. मग डमी काडतुसं मॅगझिनमध्ये घाला, तिसरं अडलं पाहिजे. ज्या लांबीची वापरणार त्याच लांबीची घ्या, आखूड काडतुसं जास्त मावतात. आणि हे घरी करा, तळ्यावर वॉर्डनसमोर नको.