दोन दारांची हेरल्ड खरोखरच अडगळ आहे का?

चौथा गिअर :

सांगलीच्या एका कुटुंबाने साठच्या दशकातली दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड विकायला काढली आहे. पत्रा मूळचा, छप्पर जागेवर, जुन्या तीन अक्षरी नंबरची आरसी वेळोवेळी नूतनीकरण करून चालू ठेवलेली, आणि तरीही तिला गिऱ्हाईक नाही. त्या जाहिरातीखाली ‘सरळमार्गी’ यांनी लिहिले की, दोन दारांची गाडी आपल्याकडे तेव्हाही कोणाला नको होती, ज्यांना फियाट मिळत नसे तेच नाइलाजाने हेरल्ड घेत, म्हणून ही अडगळ आता भंगारात जाऊ द्यावी. हे वाचून गप्प बसवले नाही.

हेरल्ड १९५९ साली इंग्लंडमध्ये आली तेव्हा तिचे रेखाटन तुरीनच्या जिओव्हान्नी मिकेलोत्ती यांनी केले होते. त्या सुमारास छोट्या गाड्यांची बॉडी आणि चॅसिस (खालचा सांगाडा) एकसंध होऊ लागले होते, पण कंपनीला संपूर्ण बॉडी बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेल्यामुळे हेरल्डची बॉडी वेगवेगळ्या तुकड्यांत बनवून स्वतंत्र चॅसिसवर बोल्टने बसवावी लागली. या अडचणीतून जे निघाले ते दुरुस्तीच्या दृष्टीने वरदान ठरले. बाजूच्या दोन कड्या सोडवल्या की मडगार्डांसकट संपूर्ण बॉनेट पुढच्या बाजूला उलटते, आणि पुढच्या चाकावर बसून निवांत टॅपेट लावता येतात. रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग आहे, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, आणि गाडी सुमारे २५ फुटांच्या वर्तुळात वळते. मारुती ८०० लाही वळायला याहून मोठे वर्तुळ लागते! मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ९४८ सीसीचे इंजिन घालून ही गाडी इथे आणली, तेव्हा अँबॅसडर आणि फियाटच्या शेजारी उभी असलेली ती एकमेव नाजूक, काचा चमकणारी गाडी होती. तिची दोन मोठी दारे आणि बारीक खांब यांमुळे आत जो उजेड येतो, तो त्या काळच्या इथल्या दुसऱ्या कोणत्याही मोटारीत मला दिसलेला नाही.

सरळमार्गी :

माझे वाक्य तुम्ही अचूक दिले आहे आणि मी त्यावर ठाम आहे. आमच्याकडे दोन दारांची हेरल्ड होती, त्यामुळे मी ऐकीव बोलत नाही. पुढची सीट पुढे झुकवून आजीला मागे बसवायचे हा प्रत्येक लग्नकार्याचा पहिला अंक असे. नऊवारीचा काठ सीटच्या रुळात अडकायचा, मग वडील चिडायचे, मग आजी म्हणायची की मी एसटीने येते. ज्या देशात मोटार हे संपूर्ण कुटुंबाचे वाहन होते, तिथे दोन दारे ही सोय नव्हती, अडचणच होती.

आणि हे कंपनीनेही मान्य केले होते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासच्या कारखान्याने याच गाडीला चार दारे लावली. इंग्लंडमध्ये जी चार दारांची हेरल्ड कधी बनलीच नाही, ती इथे बनवावी लागली. गिऱ्हाइकाचा याहून स्पष्ट निकाल कोणता हवा? पुढे ती कंपनी १९८८ च्या सुमारास बंद पडली, सुटे भाग कोण देणार?

घाटमाथा :

दारांचे सोडा, मागच्या चाकांबद्दल कोणीच कसे बोलत नाही? आमच्या काकांची हेरल्ड खंडाळ्याच्या घाटात उतारावरच्या वळणावर उलटली. वळणात वेग जास्त वाटला म्हणून त्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि मागचे चाक आत दुमडले. स्विंग ॲक्सलचा, म्हणजे मध्यावरून वर-खाली झुलणाऱ्या मागच्या ॲक्सलचा, हा दोष जगभर माहीत आहे. काका वाचले, पण पुन्हा त्यांनी त्या गाडीला हात लावला नाही. सुंदर रेखाटनाची स्तुती करताना कोणाच्या तरी हातात आपण काय सोपवत आहोत, याचे भान ठेवा.

गॅरेजवाला :

घाटमाथा, तुमच्या काकांबद्दल वाईट वाटले, परंतु अर्धी माहिती लोकांना घाबरवते. स्विंग ॲक्सल जुन्या फोक्सवॅगन बीटललाही होता आणि कित्येक मर्सिडीजनाही होता. हेरल्डमध्ये मागे स्प्रिंगच्या पाट्यांचा एकच आडवा संच असतो. तो खचला, कोणी ओझ्यासाठी त्यात जादा पाटा घातला किंवा टायर स्वस्तातले आणि हवा मनाला येईल तशी असली, की चाकाचा कल बिघडतो आणि वळणात गाडी दगा देते. पाटे योग्य उंचीवर असतील आणि वेग वळणाच्या आधीच कमी केला असेल, तर ही गाडी घाटात उत्तम चालते. मी अशा गाड्या उभे आयुष्य खोलत आलो आहे.

खरा घात दुसरीकडे होतो. पुढच्या चाकांच्या खालच्या ट्रनियनमध्ये (चाक ज्यावर वळते त्या आट्यांच्या सांध्यात) गिअर ऑइल घालायचे असते. आपल्याकडे सर्रास ग्रीस गन लावली जाते, ग्रीस आत घट्ट होते, आटे झिजतात आणि एखाद्या दिवशी चाक आडवे पडते. मालकाने वर्षानुवर्षे ऑइल घातले आहे की ग्रीस, हे विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी विचारावे.

रानजाई :

हे सगळे ठीक आहे, पण टाकीत काय घालणार? माझ्याकडे हेरल्ड नाही, नव्वदच्या दशकातली कार्ब्युरेटरची गाडी आहे, आणि पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळू लागल्यापासून तिची जी दशा झाली, ती मी डोळ्यांनी पाहिली. इंधनाची रबरी नळी बोटाने दाबली तर चिकट लागत होती आणि दुसऱ्या बाजूने तिला भेगा गेल्या होत्या. गॅरेजमध्ये मला सांगितले गेले की ‘मॅडम, तुम्ही गाडी चालवत नाही म्हणून असे होते.’ मी रोज चालवते! आपल्या टाकीत काय भरायचे याचा पर्यायच ग्राहकाला ठेवला नाही, याचा मला मनस्वी संताप आहे. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचे गोडवे गाताना या प्रश्नाला बगल देता येणार नाही.

तळटीप :

रानजाईताई, नळीला भेगा पडल्या त्या नळीच्या वयामुळेही असू शकतात. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्पष्टीकरण दिले होते की जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, आणि या इंधनाविरोधातली जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. प्रत्येक बिघाडाचे खापर इथेनॉलवर फोडण्याची साथच आली आहे. उसाला भाव मिळतो, तेल आयात कमी होते, हेही पाहा.

रानजाई :

‘बदलावे लागू शकतात’ हे वाक्य माझ्याच बाजूने आहे, ते तुम्ही माझ्याविरुद्ध कसे वापरता? बदलायचा खर्च कोण देणार? माझे माहेर ऊस पट्ट्यातले आहे, त्यामुळे ऊस मला शिकवू नका. शेतकऱ्याला भाव मिळावा हे मलाही हवे आहे. त्यासाठी पंपावर शुद्ध पेट्रोलची एक तोटी ठेवायला कोणाची हरकत असावी, एवढाच माझा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपण दिलेले नाही.

सरळमार्गी :

पाहा, म्हणजे शेवटी माझेच म्हणणे सिद्ध झाले. दारे गैरसोयीची, मागची चाके बेभरवशाची आणि आता इंधनही तिला चालत नाही.

गॅरेजवाला :

काहीही सिद्ध झालेले नाही. इंधनाचा विषय निघालाच आहे तर तो नीट समजून घ्या. इथेनॉलमध्ये त्याच आकारमानाच्या पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते आणि त्यात ऑक्सिजन असतो. आजच्या गाडीचा सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला सेन्सर नाही, म्हणून मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि सकाळी चालू होताना खोकते. उपाय म्हणजे मेन जेट (कार्ब्युरेटरमधले इंधन सोडणारे छिद्र) थोडे मोठे करणे, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालणे आणि इंधन पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) बदलणे. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसून पत्रा खाते. रानजाईताईंची नळी वयानेही गेली असेल आणि इथेनॉलनेही. दोघांचे भांडण त्या नळीला ठाऊक नाही.

आणि हे पहिलेच संकट नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले तेव्हाही जुन्या गाड्या संपल्या अशी हाकाटी झाली होती. हेरल्डचे हेड बिडाचे आहे, शिशाशिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात हे खरे आहे. आम्ही त्या हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसवल्या आणि गाड्या पुढे चालत राहिल्या. जिचा प्रत्येक भाग हाताने खोलता येतो, ती गाडी अशा बदलांना पुरून उरते.

रानजाई :

जेट आणि डायफ्रामचे पटले, करून घेईन. तोटीचे उत्तर अजून मिळालेले नाही, हे नमूद करून थांबते.

नियमावली :

कागदपत्रांबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे टिकते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्याचसाठी ती बाहेर पडू शकते. सांगलीच्या गाडीची जुनी आरसी चालू आहे, ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरला की ती रविवारी सकाळी कुठेही नेता येईल. जो कोणी घेईल त्याने हौसेपोटी व्हिंटेज क्रमांकाच्या मागे लागून हा हक्क घालवू नये.

चौथा गिअर :

नियमावलींचे मनापासून आभार.

सरळमार्गी, तुमच्या आजींची गैरसोय खरी होती आणि त्या काळच्या कुटुंबासाठी चार दारेच योग्य होती, हे मी नाकारत नाही. आज ही गाडी घेणारा माणूस तिच्यात आजीला बसवून लग्नाला नेणार नाही, त्यामुळे तो दोष आता उरलेला नाही. उलट चार दारांमुळे मिकेलोत्ती यांची मूळ रेषा मोडली. खांब जाड झाले, दारे आखूड झाली. पुढे त्याच कंपनीच्या १९७२ च्या ‘गझेल’ या गाडीत मागचा ॲक्सलही सरळ, एकसंध झाला, म्हणजे घाटमाथांची तक्रार मिटली आणि गाडीचा मूळ स्वभावही गेला.

मला खरी तळमळ आहे ती छपराची. छप्पर बोल्टने बसवलेले असल्यामुळे ते काढणे फार सोपे, आणि त्याच सोपेपणाने या गाड्यांचा घात केला. वरातीसाठी, हौसेसाठी किती दोन दारी हेरल्ड उघड्या करून टाकल्या गेल्या! ते छप्पर मग गोठ्यामागे गंजत पडते आणि परत बसवायला कोणी मिळत नाही. सांगलीच्या गाडीचे छप्पर, त्याच्या कडेचे बीडिंग आणि मागची काच मूळ जागी आहे. जाहिरातीतल्या छायाचित्रात दाराच्या आतल्या कडेला मूळ रंग आणि बाहेरचा रंग एकच दिसतो, म्हणजे तिला वरवरचा लेप दिलेला नाही. असे नग शोधून सापडत नाहीत.

घाटमाथा :

मूळ असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. काकांची गाडीही मूळच होती. तरी पाट्यांचे गॅरेजवाल्यांनी सांगितलेले कारण काकांच्या गाडीला लागू असावे. ते मागे पोती टाकून शेतावर जायचे आणि त्यांनी जादा पाटा घातला होता, हे आमच्या आईने आज फोनवर सांगितले. माझे मत फारसे बदललेले नाही.

सरळमार्गी :

दोन दारे वाईटच, हे मी मागे घेणार नाही. परंतु भंगारात जाऊ द्या असे मी लिहिले ते छप्पर कापलेली गाडी समजून. अखंड गाडी असेल तर ती कोणी तरी घ्यावी. माझा भाचा कोल्हापूरला असतो आणि या धाग्यामुळे तो येत्या रविवारी सांगलीला जायचे म्हणतो आहे. गॅरेजवाले, त्याने काय पाहावे ते सांगा; उगाच फसू नये.

गॅरेजवाला :

आधी गाडीखाली झोपायला सांगा. दारांखालच्या पट्ट्या बोल्टवर असतात, त्या चकचकीत असल्या तरी फसू नका. त्यांच्या आत चॅसिसमधून बाहेर आलेले जे हात असतात ते गंजलेले आहेत का, हे टोकदार पेचकसाने टोचून पाहावे. मग उभे राहून दार आणि मागच्या मडगार्डमधली फट वर आणि खाली सारखी आहे का ते पाहावे. खाली रुंद आणि वर चिंचोळी असेल तर चॅसिस वाकली आहे. ट्रनियनबद्दल मालकाला विचारावे आणि त्याला लगेच उत्तर देता आले तर त्या मालकावर विश्वास ठेवावा. चॅसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवावा. इंजिन गार असताना चालू करायला लावावे, आधीच तापवून ठेवले असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे. एवढे जमले तर भाच्याने विसार देऊनच परत यावे.