मदत हवी आहे: शनिवारची रात्र, बाहेर जायचंय पण निवांत

कातरवेळ
शनिवारी रात्री बाहेर पडायचंय आणि गोंगाट नकोय, एवढंच. मागच्या वेळी गेलो ती जागा दिसायला छान होती पण दोन तास नुसतं ओरडून बोललो, घरी आल्यावर घसा बसलेला, डोकं भणभणलेलं, आणि मुख्य म्हणजे जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. या वेळी तसं नको. पब, डीजे, लाइव्ह म्युझिक, रांग लावून आत शिरायचं असलं काही सुचवू नका. शहराचं नाव मुद्दाम लिहिलं नाहीये, जागांच्या याद्या कुठेही मिळतात. जागा निवडायची कशी आणि संध्याकाळ आखायची कशी ते हवंय. लवकर सांगा प्लीज, आज गुरुवार आहे.

पायपीट
किती जण? वय काय? किती वाजता निघणार? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं काय? चारपेक्षा जास्त माणसं असतील तर निवांत गप्पांचा नाद सोडा. रॉबिन डनबर वगैरे संशोधकांनी हेच मोजलंय, चारच्या वर गेलं की एका गप्पांच्या दोन होतात.

दुर्बीणवाला
गच्ची गाठा. माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे, शहरातली सगळ्यात शांत जागा डोक्यावर असते. साधी १०×५० दुर्बीण पुरते. चंद्रावरचे खड्डे दिसतात, गुरू आकाशात असेल तर त्याचे चार चंद्र टिपक्यांसारखे दिसतात, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले तेच. दिव्यांच्या उजेडाने तारे मारले जातात पण चंद्र आणि ग्रह नाही. फक्त डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, तेवढा वेळ मोबाइल उघडायचा नाही.

कातरवेळ
दोघीच आहोत, मी आणि कॉलेजची मैत्रीण, पस्तिशीच्या. ती एकच दिवस येतेय. दुर्बीण नाहीये आणि आभाळ भरलेलं आहे.

मंद्रसप्तक
घसा बसला त्यात तुमची चूक नाही. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, एत्येन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये दाखवून दिला. आता शंभर माणसं एका खोलीत बसली की प्रत्येक जण शेजारच्या टेबलावर मात करायला चढतो आणि खोली आपोआप तापत जाते, गाणी बंद असली तरी. त्यामुळे "म्युझिक नाही ना" एवढं विचारून भागत नाही. जागा बघताना छत आणि फरशी बघा. उंच छत, काच, उघड्या विटा, गुळगुळीत फरशी म्हणजे आवाज घुमणार. पडदे, गाद्या, सतरंजी, पुस्तकांची कपाटं असतील तर शोषला जाणार. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला तर तिथे बहुधा ८५ च्या आसपास आहे असं समजा आणि बाहेर पडा. फोनमधली डेसिबलची ॲप अगदी अचूक नसतात पण दोन जागांची तुलना करायला पुरतात. आणि बघायला मंगळवारी दुपारी जाऊ नका, उद्याच रात्री, जायच्या वेळेलाच जाऊन या.

पायपीट
बसायचंच कशाला? चाला. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्टी सहज निघतात. मी आणि माझा भाऊ वर्षभर बोलत नव्हतो, ते रात्रीच्या एका फेरीत सुटलं. दुकानं मिटल्यावर तोच रस्ता वेगळा वाटतो.

मंद्रसप्तक
@पायपीट, मोठ्या रस्त्याच्या कडेला ७० च्या वरच असतं. आतली गल्ली किंवा पाण्याचा काठ असेल तर ठीक.

पायपीट
मी मोठा रस्ता म्हटलंच नाही.

रातपाळी
तुम्ही दोघं भांडत बसा. दोघी बायका रात्री बाहेर जाणार आहेत, आधी परतीचं ठरवा. शेवटची गाडी किती वाजता, रिक्षा टॅक्सी कुठून मिळेल, फोन चार्ज, घरी एकाला लोकेशन. मी रोज रात्री उशिरा परतते म्हणून सांगतेय, परतायचं नक्की नसलं की शेवटचा तास नुसता घड्याळाकडे बघण्यात जातो.

साखरझोप
आणि रात्री कॉफी घेऊ नका. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, नऊला प्यायलात तर दोनला निम्मं अंगात असतं. दारूने झोप लागते खरी पण रात्रीच्या उत्तरार्धात मोडते. मी दोन्ही बंद केलं आणि सकाळ परत मिळाली.

रातपाळी
मी ड्यूटीवर अकराला कॉफी पिते आणि घरी आल्यावर गाढ झोपते. माणसागणिक वेगळं असतं.

साखरझोप
झोप लागणं वेगळं आणि झोप चांगली होणं वेगळं.

कातरवेळ
अहो कॉफीचं मी विचारलंच नव्हतं. मंद्रसप्तक, तुमचं उपयोगी पडतंय. एक जागा मिळालीय, छोटी, जाड पडदे आहेत, मंद उजेड, प्रत्येक टेबलावर एकच मेणबत्ती. ही नक्की करू का?

आडवाटेने
थांबा. मैत्रिणीला विचारलंत का तिला काय हवंय? मागच्या वेळी तुमचा घसा बसला, पण तिचं काय झालं ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

कातरवेळ
ती मान हलवत होती. तिला दोन वर्षांपासून दोन्ही कानांना मशीन आहे. नंतर मेसेज आला की निम्मं ऐकूच आलं नव्हतं, आणि सारखं "काय?" विचारायला लाज वाटली. म्हणून तर शांत जागा हवीय.

आडवाटेने
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. मग मेणबत्ती रद्द करा. माझ्या आईला मशीन आहे. क, त, फ, स ही व्यंजनं हळू असतात, गोंगाटात आधी तीच बुडतात, आवाज येतो पण शब्द लागत नाही, मग उरलेलं ओठांवरून भरून काढावं लागतं. अंधारात ओठ कसे दिसणार? तुमच्या तोंडावर उजेड हवा आणि तुमच्या पाठीमागे दिवा किंवा खिडकी नको. ओरडू पण नका, ओरडताना तोंडाचा आकार बदलतो. जरा सावकाश, नेहमीच्या आवाजात. आणि तिला भिंतीला पाठ लावून बसवा म्हणजे मागून आवाज येणार नाही.

मंद्रसप्तक
मेणबत्तीबद्दल बरोबर, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण भिंतीचं उलट आहे. बऱ्याच मशीनमध्ये दिशा पकडणारे माइक असतात, समोरचं ठेवतात आणि मागचं कमी करतात. भिंतीला पाठ लावली तर सगळी खोली तिच्या समोर येते, तुमच्या आवाजासकट. गोंगाट तिच्या पाठीमागे जायला हवा.

आडवाटेने
माझी आई सात वर्षं भिंतीला टेकूनच बसते.

मंद्रसप्तक
त्यांचं मशीन वेगळं असेल, नाहीतर सेटिंग वेगळं असेल. मी नियम सांगत नाहीये, दोन्ही करून बघा म्हणतोय.

दुर्बीणवाला
गच्चीवर हा प्रश्नच आला नसता.

आडवाटेने
गच्चीवर अंधार असतो, तोंड दिसत नाही.

पायपीट
मग माझंही चुकलं. शेजारी चालताना तिला तोंड दिसणार नाही. चाललात तर तिला ज्या कानाने जास्त ऐकू येतं त्या बाजूला राहा, आणि महत्त्वाचं बोलायचं असलं की दिव्याखाली थांबून बोला.

कातरवेळ
रविवार. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रात्री नऊऐवजी साडेसहालाच गेलो, जागा रिकामी होती, कोपऱ्यातलं उजेडातलं टेबल मिळालं. आधी तिला भिंतीकडे बसवलं, दहा मिनिटांनी तीच म्हणाली खुर्च्या बदलूया, आणि बदलल्यावर तिचा चेहरा सैल पडला. आठला गर्दी वाढायला लागली तशा उठलो. मग आतल्या गल्ल्यांतून फिरलो, तिच्या डाव्या बाजूने. दर दिव्याखाली थांबत होतो, अर्ध्या तासाच्या रस्त्याला दीड तास लागला. तिच्या आईच्या आजारपणाचं मला काहीच माहीत नव्हतं, ते तिने तिसऱ्या की चौथ्या दिव्याखाली सांगितलं. साडेदहाला ती टॅक्सीत बसली. पुढच्या वेळी ती तिच्या शहरात बोलावतेय, जागा ती बघून ठेवणार आहे.