बारावीनंतर गॅप घेऊ की इथेच कॉलेज सुरू करून मग बाहेर जाऊ?

गोंधळलेली_बारावी: नमस्कार मंडळी. ग्रॅज्युएशन बाहेर करायचंय, आधी अमेरिका, नाहीतर यूके किंवा जर्मनी. या वर्षीचे अर्ज हुकले आणि एसएटी (अमेरिकेतल्या प्रवेशाची परीक्षा) पण मनासारखी गेली नाही. घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात वर्ष कशाला फुकट घालवतेस, कॉलेजला अ‍ॅडमिशन घे आणि मधूनमधून अप्लाय कर. आई म्हणते थांब एक वर्ष, नीट तयारी कर. मला वाटतंय कॉलेज केलं तर निदान क्रेडिट तरी ट्रान्सफर होतील ना, म्हणजे इथे पास केलेले विषय तिथे धरतील? की गॅप बघून युनिव्हर्सिटीवाले नाक मुरडतात? स्कॉलरशिपशिवाय जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

रविवारचा_वाचक: बाबांचं बरोबर आहे. बाहेरचं काहीच झालं नाही तर हातात काय राहील? कॉलेज सुरू असलं की दिवसाला शिस्त राहते, गॅपमध्ये पहिले दोन महिने "उद्यापासून" म्हणण्यातच जातात. अ‍ॅडमिशन घेऊन टाक.

अर्ज_भरून_दमलो: थांब थांब, घेऊन टाक म्हणण्याआधी एक गोष्ट बघ, कारण इथेच बरेच जण फसतात. अमेरिकेत अर्जदार दोन प्रकारचे, फ्रेशमन (पहिल्या वर्षाला नव्याने येणारे) आणि ट्रान्सफर (दुसऱ्या कॉलेजातून येणारे). बारावीनंतर नुसता गॅप घेतलास तर तू फ्रेशमनच राहतेस, पण फुलटाइम डिग्रीला नाव घातलंस तर बऱ्याच ठिकाणी तुला ट्रान्सफर धरतात. काही ठिकाणी एखाद-दुसरा कोर्स चालतो, काही ठिकाणी ठराविक क्रेडिटपर्यंत सूट असते, नियम प्रत्येकाचा वेगळा. हार्वर्डला तर ट्रान्सफरसाठी किमान एक पूर्ण वर्ष झालेलं लागतं आणि दोनपेक्षा जास्त चालत नाही.

आता तुझा खरा मुद्दा, पैसे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी ही फ्रेशमन प्रवेश देताना परदेशी मुलांच्याही घरची परिस्थिती बघत नाहीत आणि गरजेप्रमाणे मदत देतात, पण तिथे घुसणं किती अवघड ते सांगायला नकोच. बाकी बऱ्याच कॉलेजांत परदेशी ट्रान्सफरला मदत अगदी नावापुरती किंवा शून्य. म्हणजे बाबांच्या सल्ल्याने वर्ष वाचेल, स्कॉलरशिपचं दार मात्र अर्धं लागेल. आणि क्रेडिटचं म्हणशील तर ते आपोआप मिळत नाहीत, प्रत्येक विषयाचा सिलॅबस पाठवावा लागतो आणि तिथला डिपार्टमेंट ठरवतो कुठला धरायचा.

शिफारसपत्रांचा पण विचार कर. शाळेतल्या सरांना तू माहीत आहेस, फर्स्ट इयरच्या भरलेल्या वर्गात लेक्चररला तुझं नावसुद्धा माहीत नसणार, आणि ट्रान्सफरला बहुतेक वेळा पत्र त्याच लेक्चररचं मागतात.

गोंधळलेली_बारावी: बापरे, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मग कॉलेजला नाव घालायचं पण फॉर्ममध्ये लिहायचं नाही, असं चालतं का? मैत्रीण म्हणत होती कोणाला कळतंय.

अर्ज_भरून_दमलो: अजिबात नको. नंतर सापडलं तर मिळालेली अ‍ॅडमिशनसुद्धा काढून घेतात.

थंडीतली_मावशी: वरच्या दादाला पूर्ण अनुमोदन, यूकासच्या फॉर्मवर (यूकेतल्या युनिव्हर्सिटींचा सामायिक अर्ज) पण आधीचं सगळं शिक्षण टाकावंच लागतं. यूकेत ट्रान्सफर फार कमी, बहुतेक वेळा पहिल्या वर्षापासूनच सुरू करतात, त्यामुळे इथे केलेलं वर्ष तिथे उपयोगी पडेलच असं नाही. गॅपचं तिथे कोणाला काही वाटत नाही, उलट डिफर्ड एन्ट्री (प्रवेश एक वर्ष पुढे ढकलणं) म्हणून अर्जातच सोय आहे. फक्त गणितासारख्या विषयात वर्षभर हात सुटला तर त्रास होतो, म्हणून सराव सोडू नकोस. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा मेडिकल मनात असेल तर अर्ज ऑक्टोबरच्या मध्यालाच बंद होतात.

जर्मनीचं मात्र उलटं आहे गं. ज्यांची बारावी तिथे थेट धरत नाहीत त्यांना स्टुडिएनकोलेग म्हणून साधारण वर्षभराचा तयारीचा कोर्स करावा लागतो, पण कुठल्या देशाचं सर्टिफिकेट आहे त्यावरून कधीकधी त्याच विषयाचं एक वर्ष मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीत पास केलं तरी रस्ता उघडतो. तेव्हा जर्मनी पहिली असेल तर बाबांचा सल्ला सोनं. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, पण राहण्या-खाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात.

रविवारचा_वाचक: हं, ट्रान्सफरचं मला नवीन होतं. पण मग गॅपमध्ये करायचं काय? नुसती एसएटी एका वर्षाला पुरत नाही.

थंडीतली_मावशी: पुरतं हो, अर्जाचे निबंधच वेळ खातात. शिवाय एखादं काम किंवा प्रोजेक्ट हवाच, नाहीतर व्हिसाच्या वेळी "वर्षभर काय केलं" ला उत्तर नसतं. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आत्ताच नको देऊस, स्कोअर दोनच वर्षं चालतो, अर्जाच्या जरा आधी दे.

गोंधळलेली_बारावी: ठीक. आज अमेरिकेतल्या माझ्या यादीतल्या सगळ्यांना मेल टाकते की फर्स्ट इयरला नाव घातलं तर मला फ्रेशमन धरणार की ट्रान्सफर, आणि उत्तरं बाबांना दाखवते. कॉलेजची फी भरायची मुदत पुढच्या आठवड्यात आहे, तोवर उत्तरं येतील का?

अर्ज_भरून_दमलो: मेलपेक्षा आधी त्यांच्या साइटवर ट्रान्सफरचं पान उघड, "हू शुड अप्लाय" असं काहीतरी पहिल्याच ओळीत असतं. नाही सापडलं तरच मेल टाक.